हो, सगळी एकत्र करा

९ जानेवारी

छोट्या,

अनेक आशीर्वाद. ते घ्यायचे की परत पाठवायचे ते तू ठरव. मी थोरली आहे, मला लिहिणं भाग आहे.

आत्या म्हणाली, फोनचा नाद सोड, त्याने नंबर बदललाय. कागदावर लिही, कागद तो वाचतो. म्हणून हे कागदावर. हाताला सवय राहिलेली नाही, अक्षर लागलं नाही तर आत्याकडून वाचून घे.

दुकान मजेत आहे. डॉक्टरच्या चिठ्ठीवर बूट शिवून देणारं एवढंसं दुकान आपलं, पण आता ते क्लाउडवर आहे. बाबा असते तर म्हणाले असते, पाऊस पडला की खाली येणार का गं? जिन्याखालची तुझी कोठडी रिकामी केली. ती तुझी संगणकाची पेटी, तिचा पंखा, वायरींचं जंजाळ, ‘हात लावू नये’ असा तू चिकटवलेला पुठ्ठा, आता काही नाही तिथे. गिऱ्हाइकांच्या छत्र्या ठेवतो. दुपारी दुकान शांत असलं की ती घरघर ऐकू येत नाही म्हणून एकदोनदा मी मान वर करून बघितलं, हे खरं. सवय, दुसरं काय.

आणि मी म्हणत होते ते सगळं झालं बरं का. परवा गल्लीतली वीज गेली. शेजारचा छापखाना अंधारात हातावर हात ठेवून बसला आणि आपण फोनवर ऑर्डरी घेत होतो. दाताच्या डॉक्टरकडे तोंड उघडं ठेवून बसले होते तेव्हासुद्धा कुठला जोड तयार झाला ते मला दिसत होतं. तुझ्या पेटीला हे जन्मात जमलं नसतं. चिडवत नाहीये. सांगतेय.

आता एक बारीकसं काम. तू दर शनिवारी पेटीतल्या माहितीची प्रत एका डिस्कवर घेऊन घरी न्यायचास. जाताना ती डिस्क तू मला दिलीस, ते माझ्या लक्षात आहे. पण तुझा स्वभावही लक्षात आहे. दुसरी एखादी प्रत तुझ्याकडे असेलच. कपाटात, बॅगेत, कुठेतरी. असली तर पाठव. नव्या माहितीशी जरा ताडून बघायचंय, एवढंच. घाई नाही. पण पत्र मिळाल्या मिळाल्या कळव.

आपल्या शाळेच्या बाई भेटल्या होत्या. तुझी चौकशी करत होत्या.

ताई


२१ जानेवारी

छोट्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, तारच ती. ‘दुसरी प्रत नाही. डिस्क तुला दिली, तू सही करून घेतलीस. काय हरवलं?’

सही करून घेतली, खरं आहे. दुकानाची वस्तू दुकानात राहावी म्हणून घेतली. सगळ्यांदेखत घ्यायला नको होती. ते असो.

त्या डिस्कचं विचारशील म्हणून सांगते, ती पुसली. पेटीही पुसली. टायवाल्याने विचारलं होतं, ‘जुन्या यंत्रांवर लोकांच्या पायाची, आजाराची माहिती आहे, ती बाहेर गेली तर?’ मी म्हटलं, पुसा. बोलणं चुकीचं नव्हतं त्याचं. (टायवाला म्हणजे तोच, सगळं क्लाउडवर न्यायचा सल्ला देणारा. तू त्याला नाव ठेवलं नाहीस, मी ठेवलं.)

काय हरवलं ते सांगते. नव्या ठिकाणी प्रत्येक गिऱ्हाईक फोन नंबरवरून ओळखलं जातं. आणि आपल्याकडे पहिल्यापासून माणसाचा नंबर लिहीत नाहीत, घराचा लिहितात. ‘जोड तयार आहे’ हे ज्याला कळवायचं त्याचा. बाबांनी पाडलेली पद्धत, तू पेटीतही तशीच ठेवलीस. त्यामुळे आई, मुलगा, सासू, सगळ्यांच्या नावापुढे एकच नंबर. माहिती नव्या जागी नेताना असली नावं म्हणजे एकच माणूस पुन्हापुन्हा लिहिलाय असं धरलं गेलं आणि ती एकत्र झाली. एका घराचं एक माणूस झालं. त्यात जे माप सगळ्यांत नवं, ते राहिलं. बाकीची गेली.

हे टायवाल्याच्या माणसांनी नीट बघायला हवं होतं. मी त्यांना कडक पत्र लिहिलं. त्यांचं गोड उत्तर आलं, की केलेलं उलटवायची सोय काही दिवस असते आणि ते दिवस होऊन गेले. कंपनीच्या मदतीच्या नंबरवर एक मुलगी आहे, ती दर वाक्याला माझे आभार मानते.

तसं फार कोणाचं बिघडलेलं नाही. एकाच घरातल्या दोघांचा पाय एका मापाचा असेल तरच गोंधळ व्हायचा, नाहीतर बूट पायात जाणारच नाही, लगेच कळेल. एका गिऱ्हाइकाला मात्र त्रास झालाय. साखरेचं दुखणं आहे, पाय सुन्न असतात. बुटाच्या आतली गादी दुसऱ्याच्या मापाची निघाली. जिथे खोलगट हवं तिथे उंचवटा होता. तुझ्यामाझ्या पायाला चार पावलांत कळलं असतं. त्या पायाला कळलं नाही. जखम झालीय. उपचार चालू आहेत.

म्हणून जुनी मापं हवी होती. कोणाकोणाला चुकीची गादी गेली ते शोधून काढलं असतं, आणि ‘दुकानाकडून भेट’ म्हणून नवीन गादी घरपोच दिली असती. बभ्रा कशाला करायचा? झाकली मूठ सव्वा लाखाची.

आणि एक सांगू? तूही काही कमी नाहीस. सगळी व्यवस्था तू डोक्यात ठेवलीस. कुठला नंबर कशाचा, कोण कोणाचं कोण, सगळं एकट्याच्या डोक्यात. एक कागद लिहून ठेवला नाहीस. आजारी पडला असतास तर आम्ही काय केलं असतं? चिडू नकोस. पण खरं आहे ते.

काही आठवत असेल तर कळव. घरं, माणसं, काहीही.

ताई


३० जानेवारी

छोट्या,

तुझं उत्तर नाही. आत्या म्हणाली, पत्र वाचून तू जेवायला आला नाहीस. जखम कोणाला, हे मी लिहिलं नव्हतं. तू ओळखलंस का? ओळखलं असशील. मायलेकींचा पाय एका मापाचा, दोघी आपल्याकडे येणाऱ्या, आईला साखर. अशी घरं आपल्याकडे किती असतील?

बाई आहेत त्या.

हे एवढं लिहून मी पेन ठेवलं, दुकानभर फिरून आले, आता पुन्हा बसलेय. आता सगळं लिहिते, क्रमाने लागेल की नाही माहीत नाही.

पहिल्या पत्रात लिहिलं होतं, बाई भेटल्या. दवाखान्यात भेटल्या. पलंगावर. उजवा पाय उशीवर ठेवलेला, अंगठ्यापाशी ही मोठी पट्टी. तुझी चौकशी करत होत्या हे खरं आहे. ‘तो कसा आहे? बोलतो का?’ म्हणाल्या. मी म्हटलं, मजेत आहे. ते मला काहीच माहीत नव्हतं.

झालं असं. बाईंनी दुकानात फोन केला होता, दर वर्षीसारखा जोड करून ठेव गं, तेच माप. मी नंबर घातला. पडद्यावर एकच नाव आलं, मुलीचं. मला वाटलं, फोन मुलीचा म्हणून नाव मुलीचं. पुढे बघितलंच नाही. मुलीने मध्यंतरी टाच दुखते म्हणून बूट करून घेतले होते, ते माप नवं. ते आत कारागिरांच्या पडद्यावर गेलं, त्यांनी पडद्यावर होतं तसं मन लावून केलं. बाईंनी जोड पायात घातला, म्हणाल्या, किती छान बसलाय. आणि रोज संध्याकाळी त्यावर चालल्या. मुलीला मोज्यावर रक्त दिसलं तेव्हा कळलं. तोवर जखम आत हाडापर्यंत गेली होती.

दुसरं. टायवाल्याच्या माणसांनी केलं, असं मी तुला लिहिलं. खोटं लिहिलं.

त्यांनी सगळं तयार करून दिलं होतं. शेवटचा भाग दुकानाच्या मालकाने करायचा असतो म्हणाले, कारण गिऱ्हाइकं तुम्ही ओळखता. मी खुर्चीत ऐटीत बसले. पडद्यावर प्रश्न आला. एकाच फोन नंबरवर अनेक नावं सापडली आहेत, ती एकत्र करायची का? खाली तीन उत्तरं. नाही. एकेक दाखवा. हो, सगळी एकत्र करा.

मला तेव्हा काय वाटलं ते सांगते, म्हणजे तुला तुझी ताई नीट कळेल. मला वाटलं, बघा, या पोराने केवढा कचरा साठवून ठेवला होता. एकेक माणूस चारचारदा लिहून ठेवलंय. आता मी झाडून काढते. एकेक बघत बसायला दोन दिवस गेले असते आणि मी सगळ्यांना सोमवारपासून नवं सुरू असं सांगून बसले होते. मी ‘हो, सगळी’ दाबलं. पडद्यावर एक पट्टी सरकत गेली आणि शेवटी ‘अभिनंदन’ आलं. मी मिठाई वाटली.

अजून एक आहे. बाईंना दाखल करून बरेच दिवस झाले. त्या दिवसापासून मला माहीत आहे की अशी आणखी घरं असणार. कोणीतरी आज, आत्ता, दुसऱ्याच्या गादीवर चालत असेल आणि त्याच्या पायाला कळत नसेल. मी एकाही घरी फोन केलेला नाही. तुझ्या डिस्कची वाट बघत बसले, का तर गुपचूप निस्तरता येईल. दुकानाचं नाव, बाबांचं नाव, असं स्वतःला सांगत होते. बाबांचं नाव कसलं. माझं नाक.

कोंबडं झाकून ठेवलं तरी उजाडायचं थोडंच राहतं. बाईंच्या मुलीने परवा मला दवाखान्याच्या जिन्यात गाठलं. दोन बूट हातात, माझा आणि आईचा म्हणाली, आतल्या गाद्या काढून एकावर एक ठेवून दाखवल्या. तंतोतंत. ओरडली नाही. म्हणाली, ‘आईला मी सांगितलेलं नाही. तुम्ही सांगा.’

मी अजून सांगितलेलं नाही.

ताई


१० फेब्रुवारी

छोट्या,

तुझं पत्र आलं. चार पानं. तू एवढं मोठं पत्र कोणाला लिहिलेलं मी बघितलं नव्हतं. वर ‘ताई’ लिहून खोडलंयस आणि पुन्हा लिहिलंयस, तेही बघितलं.

तू विचारतोस, तो दिवस आठवतो का. आठवत नाही असं लिहिणार होते. आठवतो. टायवाला भिंतीवर चित्रं दाखवत होता. कारागीर, हिशोब बघणाऱ्या वहिनी, मी, सगळे खुर्च्या ओढून बसलो होतो. तू उभा राहिलास. तू कधी उभा राहत नाहीस. म्हणालास, ‘आ… आ… आधी…’ आणि तुझा शब्द अडकला, मान वर गेली, डोळे मिटले. टायवाल्याने घड्याळ बघितलं. मला तुझी लाज वाटली. त्या परक्या पाहुण्यासमोर मला माझ्या भावाची लाज वाटली, आणि मी हसून म्हटलं, ‘आधी चहा. बरोबर आहे याचं, चहा सांगते.’

सगळे हसले. चहा आला. तू प्यायलास, कप विसळून पालथा ठेवलास आणि कोठडीत गेलास. त्यानंतर तू दुकानात फारसा बोललाच नाहीस आणि महिना संपल्यावर आत्याकडे गेलास. मी सगळ्यांना सांगत फिरले की पेटी काढली म्हणून रुसला.

लहानपणापासून तुझी वाक्यं मीच पुरी करत आले. वाण्याकडे, पाहुण्यांसमोर, बाबांसमोर. लोक म्हणायचे, बहीण असावी तर अशी. मलाही तसंच वाटायचं. तू मान हलवायचास, आणि मी धरून चालायचे की बरोबर पुरं केलं. किती वेळा तुला दुसरंच म्हणायचं असेल रे?

त्या दिवशीचं वाक्य तू पाठ करून आला होतास हे मला तुझ्या पत्रातून कळलं. आधी प्रत्येक पायाला स्वतःचा नंबर द्या, फोनवरून जाऊ नका, आपल्याकडे एका घराला एकच फोन असतो. आदल्या रात्री आरशासमोर म्हणून बघितलंस, तेव्हा एकदाही अडकलं नाही म्हणतोस. ते वाचून मी कागद उलटा ठेवला.

मी चिडून मनात म्हटलं होतं, तोंडाने जमत नव्हतं तर लिहून का नाही दिलंस? नेहमी देतोस की. तर खालच्याच ओळीत तुझं उत्तर. ‘लिहून देता आलं असतं. जन्मभर लिहूनच देतोय. त्या दिवशी मला बोलायचं होतं.’

पुढे तू लिहिलंयस की नंतर तू मुद्दाम लिहून दिलं नाहीस, रागाने, होऊ दे हिची फजिती म्हणून. आणि बाईंचा अंगठा तुझ्याही नावावर मांडावा. खोटं कशाला बोलू, ते वाचून घटकाभर मला बरं वाटलं. चला, अर्धा दोष दुसऱ्याचा झाला. मग त्या बरं वाटण्याचीच किळस आली. तुझा राग तू सांभाळ, तो तुझा आहे. बटण माझं.

अंगठा गेला, छोट्या. बुधवारी काढला. डॉक्टर म्हणतात, पाय वाचला हे नशीब.

काल मी बाईंना सांगितलं. मुलीला म्हटलं, तू बाहेर थांब, नाहीतर नको, आत बस. बाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी स्टुलावर बसले आणि म्हटलं, ‘बाई, तुमचा बूट…’ आणि पुढे शब्दच येईना. मी. जिच्या तोंडाला कधी कुलूप लागलं नाही ती मी. ‘बूट’ म्हणायची आणि थांबायची. बाई माझ्याकडे बघत राहिल्या. खिडकीकडे नाही, घड्याळाकडे नाही. तुला आठवत असेल, शाळेत तू उभा राहिलास की त्या अशाच बघायच्या आणि सगळा वर्ग गप्प बसवायच्या. मी मागच्या बाकावरून जांभया द्यायचे. कधी संपणार याचं, असं. काल मला कळलं की तसं कोणी बघत राहिलं की वाक्य मागे फिरवता येत नाही. ते पुरं करावंच लागतं. मी सगळं सांगितलं. बटणसुद्धा. मिठाईसुद्धा.

मला वाटलं बाई रडतील, नाहीतर माफ करतील. दोन्ही केलं नाही. म्हणाल्या, ‘आणखी किती जणांना गेलेत असे बूट?’

मी म्हटलं, माहीत नाही.

‘मग इथे काय करतेयस?’

छोट्या, इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. कोणी शिवी दिली असती तर मी तिला उत्तर दिलं असतं. उठले आणि दुकानात आले.

ताई


१५ फेब्रुवारी

छोट्या,

दुकानाच्या दारावर पाटी लावली आहे. अक्षर मोठं काढलं, वहिनी म्हणाल्या थोडं बारीक काढा, मी म्हटलं नको. पाटीवर लिहिलंय, आमच्या चुकीमुळे काही जणांना दुसऱ्याच्या मापाचे बूट गेले आहेत. ज्यांना पाय सुन्न असल्याचा त्रास आहे त्यांनी नवा जोड घालणं आजच थांबवा आणि आमच्याकडे या. छापखानेवाले चष्मा वर करून वाचत होते. वाचू देत.

पण जे येत-जात नाहीत त्यांना पाटीचा काय उपयोग? त्यांना फोनच करायला हवा. नंबर सगळे आहेत, ते काही हरवले नाहीत, माणसं हरवली. म्हणजे प्रत्येक घरी विचारायचं, तुमच्याकडून आमच्याकडे कोण कोण येतं? नवा जोड कोणी नेला? त्यांना म्हणावं, मोजे काढून दोन्ही तळपाय बघा, स्वतःला दिसत नसेल तर दुसऱ्याकडून बघून घ्या. मग बोलावून पुन्हा पायाचा ठसा घ्यायचा.

बाईंकडून आले त्याच संध्याकाळी सुरुवात केली. पहिल्या घरच्या बाई म्हणाल्या, आम्हाला काही विकत घ्यायचं नाही, आणि ठेवला. दुसऱ्या गृहस्थांनी सगळं ऐकलं आणि मग मला माझ्या बापाचं नाव घेऊन विचारलं की तो असता तर त्याला काय वाटलं असतं. मी म्हटलं, वाईट वाटलं असतं. तिसऱ्या घरी म्हाताऱ्याच्या टाचेला लाल चट्टा निघाला. अजून फुटला नव्हता. त्यांची सून फोनवर रडायला लागली, मी पण. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांना आणून नवं माप घेतलं. तो चट्टा मी बोटाने दाबून बघितला, म्हातारा माझ्याकडे बघून हसत होता, त्याला काही लागतच नव्हतं.

तो फोन मी महिन्यापूर्वी केला असता तर चट्टाही निघाला नसता. आणि आणखी आठ दिवसांनी केला असता तर काय झालं असतं ते दवाखान्यात उशीवर ठेवलेलं आहे.

एका दिवसात किती होतात सांगू? मोजकेच. प्रत्येक घरी पहिल्यापासून सांगावं लागतं, आणि ‘चूक माझी’ हेही प्रत्येक वेळी. कारागीर म्हणाले, आम्ही करतो, पण ते मशीनवर बसले तर नवे जोड कोण करणार? वहिनींनी केले दोन. त्यांना लोक ओरडतात ते मला बघवत नाही, चूक त्यांची नाही.

तुझ्याकडे काही मागत नाहीये. नुसतं सांगतेय. दुसऱ्या कोणाला सांगू?

बाईंना काल व्हरांड्यात चार पावलं चालवलं. मुलीने मला आत येऊ दिलं.

ताई


२२ फेब्रुवारी

छोट्या,

तुझी एक ओळ मिळाली. ‘अर्धे नंबर मला दे. मी फोन करतो.’

मी ती ओळ वहिनींना वाचून दाखवायला गेले आणि मला वाचता येईना. त्यांनी माझ्या हातातून घेऊन वाचली आणि पदर तोंडाला लावला. त्याही तुला लहानपणापासून बघतायत. फोन वाजला की तू न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचास. दूधवाल्याला ‘उद्या नको’ एवढं सांगायला फोन न करता त्याच्या घरापर्यंत चालत जायचास. आणि आता तू अनोळखी माणसांना फोन करून सांगणार की आमच्या दुकानाची चूक झाली. माझी चूक, आणि सांगणार तू.

नको असं लिहायला घेतलं होतं. मोठेपणाने. मी निस्तरीन, तू कशाला. मग वाटलं, हेही तुझं वाक्य मीच पुरं केल्यासारखं होईल. तू म्हणालास करतो, तर तू करणार.

लोक फोन ठेवतील, छोट्या. काही जण हसतील. कोणी ‘हॅलो, हॅलो’ करून लाइन खराब आहे असं समजतील. असे जे असतील त्यांच्यापुढे नुसती फुली कर, मी पुन्हा करीन. थोडा वेळ मी विचार करत होते की तुला मवाळ माणसांची घरं द्यावीत आणि तिरसट मी ठेवावीत. मग तेही सोडलं. वरची अर्धी तुझी, खालची माझी.

तू गेलास त्याच संध्याकाळी मी तुझं नाव यादीतून काढलं होतं. म्हणजे तुला क्लाउडवरचं दुकान उघडता येऊ नये. कोणी सांगितलंही नव्हतं, तरी मी काढलं. आज ते परत घातलं. पासवर्ड आत्याच्या फोनवर पाठवला आहे, मिळाला असेल. प्रत्येक माणसाला आता मी स्वतःचा नंबर देत चाललेय, तू म्हणणार होतास तसा. डाव्या रकान्यात बघ. बाईंना पहिला दिला.

पत्र इथेच संपवून पाकिटात घालणार होते. तेवढ्यात पडद्यावर तुझ्या नावाशेजारी हिरवा ठिपका लागला. तू दुकानात आलास. तिथे आत्याच्या ओसरीवर बसून.

तू पहिलं घर उघडलंस ते मला इथून दिसलं. कोणी एखाद्या नावावर काम करत असलं की त्या ओळीला पिवळा रंग येतो. मी माझे दोन फोन उरकले, तुझी ओळ पिवळीच. वहिनींनी चहा आणून ठेवला. ओळ पिवळीच. मला समोर दिसत होतं तू काय करत असशील, मान वर, डोळे मिटलेले, आणि तिकडे कोणीतरी कानाला फोन लावून बसलेलं. एकदा हात आपोआप फोनकडे गेला, की तोच नंबर आपण लावावा आणि सांगून टाकावं. हात मांडीखाली घेतला आणि बसून राहिले. चहा निवला.

मग ओळ पांढरी झाली आणि शेऱ्याच्या रकान्यात अक्षरं आली. ‘बोललो. घरातून दोघं येतात. आजींना मोजे काढून बघायला सांगितलं, पाय ठीक आहेत, सोमवारी येतील. आजोबांनी पूर्ण ऐकून घेतलं.’

ते शेवटचं वाक्य कामाचं नाही, शेऱ्यात असलं काही लिहायचं नसतं, असा नियम मीच केलाय. ते तसंच ठेवलंय. पुन्हा पुन्हा वाचलं. तुला एवढं लिहावंसं वाटलं, म्हणजे ते तुला किती वेळा मिळालं असेल रे आजवर? माझ्याकडून एकदाही नाही.

खालची ओळ पिवळी झाली. आता लिहिणं थांबवते. तू बोलतो आहेस.

ताई